चौकोनी भोकाचा ताईत

मुंबई-पुण्यातल्या वास्तू आणि फेंगशुईच्या दुकानांत लाल रिबिनीत ओवलेली तीन पिवळी नाणी हमखास दिसतात. मध्ये चौकोनी भोक, त्याच्या चारही बाजूंना एकेक चिनी अक्षर. पाकिटात ठेवा, गल्ल्याला बांधा, पैसा टिकतो, असे विकणारा सांगतो. या नाण्यांच्या मूळ देशात त्यांच्या मागे दोन हजार वर्षांची परंपरा आहे, आणि त्या परंपरेत पैसा टिकवणे हे त्यांच्या कितीतरी कामांपैकी एक होते. बाळंतिणीची सुटका करणे, तान्ह्या मुलाला जगवणे, भूत हुसकावणे, परीक्षेत पहिला नंबर मिळवून देणे, नदी पार करताना नाव बुडू न देणे, घराच्या आढ्यावर बसून घर राखणे ही कामे त्यांच्याकडे होती. चीनमध्ये अशा नाण्याला ‘यानशेंग छ्येन’ म्हणतात. यान म्हणजे दाबणे, शेंग म्हणजे जिंकणे, छ्येन म्हणजे नाणे. अनिष्टाला दाबून त्यावर मात करणारे नाणे. बाजारात ते चालत नसे. ते नाण्यासारखे ओतलेले, पण खर्च करायचे नसलेले नाणे होते. मग प्रश्न उरतो तो हा: ताईतच करायचा तर तो नाण्याच्या रूपात का? नुसते पैशाचे आकर्षण हे त्याचे उत्तर पुरत नाही. माझ्या मते या नाण्यांचे सामर्थ्य धातूत नव्हते आणि किमतीतही नव्हते. ते लिखाणात होते, तेही सरकारी लिखाणात. राजसत्ता ज्या आकारात आणि ज्या अक्षरांत आपला हुकूम देशभर फिरवत होती, तोच आकार आणि तीच अक्षरे सामान्य माणसाने उसनी घेतली आणि घरच्या संकटांवर लागू केली.

यानशेंग हा शब्दच आपल्याला एका सम्राटापाशी नेऊन पोचवतो. हान घराण्याची गादी बळकावून इ. स. ९ मध्ये वांग मांग सम्राट झाला. बंडे वाढू लागली तेव्हा इ. स. १७ मध्ये त्याने सप्तर्षींच्या आकाराचे ओतीव पळे करवले. शत्रूंच्या फौजांना दाबून त्यांच्यावर मात करावी हा त्यामागचा हेतू होता, आणि तो सांगताना हान घराण्याच्या इतिहासग्रंथाने हाच शब्द वापरला आहे. या वांग मांगने नाण्यांत जे केले ते आणखी बोलके आहे. हान राजांचे आडनाव लिऊ. ते ज्या अक्षराने लिहीत त्यात ‘माओ’, ‘सोने’ आणि ‘सुरी’ असे तीन घटक येतात. म्हणून वांग मांगने ‘गांगमाओ’ नावाचे कोरीव ताईत अंगावर बाळगायला बंदी केली, सुरीच्या आकाराचे चलन बंद केले आणि हान काळातली प्रचलित वूझू नाणीही रद्द केली. गादी गमावलेल्या घराण्याचे नाव अक्षराच्या एखाद्या तुकड्यात लपून राज्यभर फिरू नये, ही त्याची भीती होती. इ. स. १४ मध्ये त्याने ‘हुओ छुआन’ नावाचे नवे नाणे काढले. लोकांनी त्याचीही अक्षरे सुटी करून वाचली, आणि त्यातून निघाले ‘शुभ्र पाण्याचा सिद्धपुरुष’. योगायोग असा की वांग मांगनंतर इ. स. २५ मध्ये हान घराणे पुन्हा उभे करणारा लिऊ शिऊ नानयांगमधल्या ‘शुभ्र पाणी’ याच नावाच्या गावचा होता. नंतरच्या इतिहासकारांनी ही भविष्यवाणी म्हणून नोंदवली. भविष्यवाणी खरी की मागाहून रचलेली, हा वाद इथे महत्त्वाचा नाही. सम्राट आणि प्रजा दोघेही नाण्याकडे किमतीचा तुकडा म्हणून कमी आणि मजकूर म्हणून अधिक पाहत होते, एवढे त्यातून स्वच्छ दिसते. ताईताच्या नाण्याची कल्पना याच मातीत रुजली.

आकाराबद्दल सहसा सांगितले जाते की गोल कडा म्हणजे आकाश आणि चौकोनी भोक म्हणजे पृथ्वी. यावर रास्त आक्षेप येतो की भोक चौकोनी आहे ते कारागिराच्या सोयीसाठी. चिनी नाणी ठोकून पाडत नसत, साच्यात ओतत. साच्यातून झाडाच्या फांद्यांसारखी जोडलेली नाणी बाहेर पडत. ती तोडून चौकोनी सळईवर घट्ट ओवायची आणि कडा कानशीने एकदम घासायच्या. भोक गोल असते तर नाणी सळईवर गरगर फिरली असती. हा आक्षेप मला मान्य आहे. पण वस्तू कशी जन्मली आणि लोकांनी तिच्यात काय वाचले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन घराण्याने देश एक केला तेव्हा फावड्यांच्या आणि सुऱ्यांच्या आकाराची प्रांतोप्रांतीची चलने जाऊन हाच एक आकार सगळीकडे लागू झाला. इ. स. पूर्व ११८ मध्ये आलेले वूझू नाणे मधल्या खंडांसह इ. स. ६२१ पर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षे टिकले. इतका काळ एकच आकार हातात खेळला की तो राज्याच्या एकतेचा आकार होतो, आणि मग त्यात आकाश-पृथ्वी दिसणे स्वाभाविक ठरते. खर्चासाठी नसलेली नाणीही फार लवकर दिसू लागतात. हपेइ प्रांतातल्या मानचेंग इथे १९६८ साली हान राजपुत्र लिऊ शेंग आणि त्याची पत्नी दोऊ वान यांची थडगी सापडली. राणीच्या थडग्यात चाळीस नाण्यांचा एक संच होता. वीस नाण्यांवर क्रमांक, विसांवर छोटी वाक्ये, आणि सोबत अठरा बाजूंचा फासा. मद्यपानाच्या मेजवानीतला तो खेळ होता. तो ताईत नव्हे, हे खरे. पण नाण्याच्या अंगावर चलनाशी संबंध नसलेला मजकूर लिहिता येतो, ही वाट इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातच मोकळी झाली होती. पुढे वांग मांगच्या ‘दा छुआन वू शी’ या नाण्याच्या नकला ओतताना मागच्या बाजूला सप्तर्षी, कासव, साप आणि तलवार उमटू लागली, आणि मग ताईताचे काम उघड झाले.

धातूचा मुद्दा आता घ्यायला हवा, कारण आज या नाण्यांना सरसकट ‘पितळी’ म्हटले जाते आणि पितळेतच काही गुण असावा असे सुचवले जाते. इतिहास याला दुजोरा देत नाही. मिंग घराण्यातल्या ज्याजिंग सम्राटाच्या काळापर्यंत, म्हणजे सोळाव्या शतकापर्यंत, चिनी नाणी तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची, म्हणजे काशाची असत. जस्त मिसळलेली पितळी नाणी त्यानंतर आली. पिवळ्याधमक ताईत-नाण्यांचा बहुतांश साठा मिंगच्या उत्तरकाळातला आणि चिंग काळातला आहे तो यामुळे. धातू बदलला, श्रद्धा बदलली नाही. कोणी असे म्हणाले नाही की जुनी काशाची नाणी आता भुताला घाबरवत नाहीत. धातूवरच भर द्यायचा तर मग सोन्याचे ताईत पुष्कळ हवेत. पण चीनमध्ये सर्वत्र सापडतात ती स्वस्त धातूची, हजारोंनी ओतलेली नाणी.

तरीही एक उदाहरण माझ्या म्हणण्याच्या आड येते आणि त्याला बगल देणे बरे नाही. इ. स. ९५५ मध्ये उत्तरकालीन झोऊ घराण्याचा सम्राट शीझोंग याला नाण्यांसाठी तांबे कमी पडू लागले. त्याने हजारो बौद्ध मठ बंद केले, मूर्ती जमा करवल्या आणि वितळवून ‘झोऊयुआन तोंगबाओ’ हे नाणे काढले. दरबारी कचरले तेव्हा त्याने समजावले की मूर्ती म्हणजे बुद्ध नव्हे, आणि लोकांचे भले होणार असेल तर बुद्धाने स्वतःचे शरीरही दिले असते. लोककथा सांगते की मूर्तीच्या छातीवर त्याने कुऱ्हाड चालवली आणि पुढे त्याच्याच छातीवर गळू होऊन तो गेला. तो ९५९ मध्ये तरुणपणीच वारला, एवढे निश्चित. या नाण्याने हिवताप उतरतो, अडलेल्या बाळंतिणीच्या हातात दिले की सुटका होते, असा समज रूढ झाला. इथे सामर्थ्य धातूचेच आहे, बुद्धाच्या शरीराचे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पण पुढे काय झाले ते पाहा. मूर्तींचे तांबे संपले, तरी शतकानुशतके त्याच चार अक्षरांची नाणी साध्या धातूतून ओतली जात राहिली, मागे ड्रॅगन आणि फिनिक्स जोडून, आणि ती तितक्याच विश्वासाने बाळगली गेली. सुरुवात धातूने केली. वारसा अक्षरांकडे गेला. चिंग सम्राट कांगशीच्या साठाव्या वर्षानिमित्त १७१३ साली निघालेल्या नाण्याचीही हीच गत. अर्हतांच्या सुवर्णमूर्ती वितळवून ते केले अशी दंतकथा पसरली, त्याला ‘अर्हतांचे नाणे’ असे नाव पडले, आणि प्रेमिकांनी एकमेकांना द्यायची, नववधूच्या सोबत पाठवायची ती खूण झाली. पण हे नाणे हजारांतून ओळखायचे कसे? ‘शी’ या अक्षरातली एक उभी रेघ त्यात गाळलेली असते. दंतकथा सोन्याची, आणि ओळख अक्षराच्या एका रेघेची.

सर्वांत मोठा पुरावा मला झेंगदे सम्राटाच्या नाण्यात दिसतो. मिंग घराण्यातल्या या सम्राटाने १५०५ ते १५२१ राज्य केले आणि त्याच्या काळात चलनी नाणी ओतलीच गेली नाहीत. तरीही ‘झेंगदे तोंगबाओ’ अशी अक्षरे असलेली नाणी चीनभर मुबलक आहेत. ती सगळी मागाहून ओतलेले ताईत आहेत. वेषांतर करून राज्यभर भटकणाऱ्या या सम्राटाभोवती कथा जमल्या, तो भटका ड्रॅगन ठरला, आणि ड्रॅगन पाण्याचा धनी असल्यामुळे त्याचे नाणे कमरेला असले की नदी-समुद्रातल्या वादळाची भीती नाही, असे मानले गेले. ज्याची किंमत कधी नव्हती, ज्याने एकही वस्तू विकत घेतली गेली नव्हती, असे हे नाणे. लोकांना हवे होते राजवटीचे नाव आणि त्या नावाला शोभणारी सरकारी मांडणी. कांगशीच्या काळातल्या वीस टांकसाळींचेही तसेच. प्रत्येक टांकसाळीच्या नाण्याच्या पाठीवर तिचे एकाक्षरी नाव असे. हिशेबाची सोय, याहून त्याला अर्थ नव्हता. लोकांनी ती वीस अक्षरे जुळवून एक पद्य केले आणि वीसही नाणी एका दोऱ्यात ओवून ताईत म्हणून बाळगली. खजिन्याच्या कारकुनाने लावलेल्या खुणांचे असे स्तोत्र झाले.

भूतबाधेवरच्या नाण्यांची भाषा पाहिली की हा संबंध आणखी उलगडतो. एका प्रकारच्या नाण्यांवर वीज आणि मेघगर्जना यांना भुते मारण्याची आज्ञा दिलेली असते, आणि शेवटी ‘कायद्याप्रमाणे तातडीने अंमल व्हावा’ अशा अर्थाची अक्षरे असतात. हे दाओपंथी मंत्राचे ठरलेले पालुपद आहे. त्याचे मूळ मात्र कचेरीत आहे: हान काळातल्या लाकडी पट्ट्यांवरच्या सरकारी आदेशांचा शेवट ‘नियमाप्रमाणे करावे’ अशा शब्दांनी होई. म्हणजे चिनी पंचाक्षरी भुताशी बोलताना पुजाऱ्याच्या आवाजात कमी आणि मामलेदाराच्या आवाजात जास्त बोलत होता. भूतसुद्धा कोणत्या तरी खात्याच्या अखत्यारीत येते आणि योग्य शिक्क्याचा हुकूम आला की त्याला हलावे लागते, ही यामागची समजूत आहे. मग तो हुकूम नाण्यावर लिहिणे किती सयुक्तिक ठरते! देशात सर्वदूर पोचलेला, प्रत्येकाच्या हातात असलेला सरकारी कागद म्हणजे नाणेच होते. ‘स्वर्गाखाली सर्वत्र शांतता’ ही अक्षरे चिंग काळात राजवाड्यातल्या कंदिलांखाली टांगायच्या नाण्यांवर असत आणि तीच बाहेर लोकांच्या ताईतांवरही असत. मुलग्यांसाठीची नाणी तर उघडच सरकारकडे तोंड करून होती: राजपरीक्षेत प्रथम यावा, तिन्ही पायऱ्यांवर पहिला यावा, पाचही पुत्र उत्तीर्ण व्हावेत. हे शेवटचे वाक्य दहाव्या शतकातल्या दोऊ नावाच्या गृहस्थाच्या घरावरून आले. त्याचे पाचही मुलगे राजपरीक्षेत यशस्वी झाले होते.

यावर म्हणता येईल की अनेक नाण्यांवर लिखाणच नाही, चित्रे आहेत. वटवाघळे, हरणे, मासे, कमळे, फुलदाण्या. पण ही चित्रे पाहायची नसतात, वाचायची असतात. वटवाघूळ ‘फू’, आणि सौख्यही ‘फू’. हरीण ‘लू’, आणि सरकारी नोकरीचे वेतनही ‘लू’. मासा ‘यू’, आणि शिल्लकही ‘यू’. फुलदाणीतला ‘पिंग’ शांततेचा ‘पिंग’ होतो, कमळातला ‘ल्येन’ एकामागून एक या अर्थाचा ‘ल्येन’. वटवाघूळ नाण्याच्या भोकासमोर काढले की पूर्ण वाक्य तयार होते, कारण भोकाला ‘डोळा’ म्हणतात, आणि ‘नाणे’ व ‘समोर’ हे दोन्ही शब्द ‘छ्येन’ असेच उच्चारतात. वाचायचे ते असे की सौख्य डोळ्यांसमोर आहे. नाण्याला जुना शब्द ‘छुआन’, म्हणजे झरा. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द ‘पूर्ण’ या अर्थाचा आहे, म्हणून दोन नाणी काढली की दोन गोष्टींची पूर्णता, उदाहरणार्थ आयुष्य आणि संपत्ती दोन्ही. ही भाषा येत नसेल तर नाण्यावर फक्त वटवाघूळ उरते. काही नाणी मात्र माझ्या मुद्द्यात खरोखर बसत नाहीत. सुंग, ल्याओ, जिन आणि युआन काळातली जाळीदार नाणी, ज्यांत माणसे, फुले, प्राणी आरपार कापलेले असतात, त्यांत पुष्कळदा ना अक्षर असते ना शब्दखेळ. ती कपड्यावर टांगायची शोभा होती असे मला वाटते, आणि ताईत व दागिना यांच्यातली सीमा तिथे पुसट आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. चीनमधल्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. मग लिखाणाचे सामर्थ्य त्यांच्यासाठी कसे? मला वाटते, न वाचणाऱ्यासाठीच ते जास्त होते. लिहिलेला कागद पायदळी तुडवू नये, कचऱ्यात टाकू नये, गोळा करून त्यासाठी बांधलेल्या भट्टीत जाळावा, ही चिनी समाजातली जुनी शिस्त होती, आणि ती पाळणाऱ्यांत निरक्षरही होते. शिवाय ताईत-नाण्यांवरचे काही लिखाण पंडितालाही वाचता येत नसे. दाओपंथी नाण्यांवरची मंत्राक्षरे मुद्दामच साध्या वाचनाला बंद ठेवलेली. बौद्ध नाण्यांवर ‘ओम् मणिपद्मे हुम्’ हा मंत्र, कधी चिनी अक्षरांत ध्वनी उतरवून, कधी थेट संस्कृत अक्षरांत. मंत्राचे भाषांतर करू नये, त्याचा ध्वनी तसाच राखावा, हा नियम ज्याच्या नावाने सांगितला जातो तो युआनच्वांग म्हणजे आपला ह्युएनत्संग; सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांचे आणि पुलकेशीचे वर्णन करून गेलेला. अर्थ कळला नाही तरी अक्षर अधिकाराचे आहे, हे कळणे पुरेसे असते. शेतकऱ्याला करपावतीवरचा मजकूर वाचता येत नाही, पण तिचा वचक त्याला पूर्ण ठाऊक असतो.

या समजुतीने घरातला प्रत्येक टप्पा गाठला होता. लग्नात पलंगाच्या पडद्यावर नाणी उधळण्याची चाल होती. ११४९ मध्ये हुंग झुन याने लिहिलेल्या नाणेशास्त्राच्या ग्रंथात यानशेंग नाण्यांचा वेगळा वर्गच आहे, आणि तांग सम्राट झोंगझोंगच्या काळातल्या राजकन्येच्या विवाहात दीर्घायुष्य आणि वैभवाची अक्षरे असलेली नाणी उधळल्याचे तो नोंदवतो. मुलगा झाला की बाप शंभर घरांतून नाणी मागून आणी आणि त्यातून मुलाच्या गळ्यात कुलूप घाली. शंभर घरांनी मिळून त्या जिवाला इहलोकी कडी लावली असा त्याचा भाव. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी गोम, साप, विंचू, बेडूक, पाल या पाच विषारी जिवांची नाणी मुलांच्या अंगावर चढत. नव्या घराच्या आढ्याला नाणी ठोकत. वर्षाअखेरीच्या रात्री रंगीत दोऱ्यात नाणी गुंफून, ड्रॅगनसारखा गोफ करून मुलांच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवत. १९०० च्या सुमारास पेकिंगच्या सणावारांवर लिहिणाऱ्या दुनचुंगने ही चाल वर्णिली आहे. आज नववर्षाला मुलांना लाल पाकिटात नोटा मिळतात, त्या पाकिटातल्या पैशाचे नाव अजून ‘वर्ष दाबणारे पैसे’ असेच आहे. दाबणे हा शब्द वांग मांगच्या पळ्यांपासून तसाच चालत आला आहे. जपान, कोरिया आणि व्हिएतनाम यांनीही हा ताईत उचलला, आणि तिन्ही देशांची स्वतःची नाणी चौकोनी भोकाचीच होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जिथे राज्याचा हुकूम या आकारात फिरत होता तिथेच ताईतही या आकारात रुजला.

सत्तेचे लिखाण नाण्यावरून निघाले तेव्हा काय झाले, हाही या म्हणण्याचा कस आहे. १९०० मध्ये ग्वांगडोंगच्या टांकसाळीने यंत्रावर ठोकलेली, भोक नसलेली तांब्याची नाणी सुरू केली आणि ती भराभर पसरली. १९०५ मध्ये राजपरीक्षा बंद झाली, त्याबरोबर पहिल्या नंबराच्या आणि पाच यशस्वी पुत्रांच्या नाण्यांचा आधार गेला. १९१२ मध्ये साम्राज्य संपले. प्रजासत्ताकाच्या नावाची भोकाची नाणी युन्नानसारख्या ठिकाणी थोडा काळ निघाली आणि थांबली. नवे चलन देशभर चालले, पण त्याच्या आकारात ताईत ओतावेत असे कोणाला वाटले नाही. भोकाची जुनी नाणी मात्र तशीच पूज्य राहिली, आणि आजच्या दुकानांत विकल्या जातात त्या त्यांच्याच नकला आहेत, बहुतेक शुनझी ते ज्याछिंग या पाच चिंग सम्राटांच्या. रिबिनीतले एखादे नाणे उलटे करून पाहिले तर मागे पुष्कळदा दोन मांचू शब्द दिसतात. आज ते चीनमध्येही फार थोड्यांना वाचता येतात. एक ‘बो’, म्हणजे मौल्यवान. दुसरा ‘छुआन’, म्हणजे झरा. दोन्ही मिळून पेकिंगमधल्या महसूल खात्याच्या टांकसाळीचे ते नाव होते.